पहिल्या काचेवरचं नाव

आमचे बाबा सिनेमाला जायचे ते नावं बघायला. दिवे गेले आणि पडद्यावर पहिलं नाव आलं की ते खुर्चीत पुढे सरकून बसत. ओठ हलत, बोटं गुडघ्यावर काहीतरी मोजत. शेवटचं नाव गेलं की मागे टेकत. पुढे नायकाचं घर जळो की आई मरो, बाबांना त्याचं सोयरसुतक नसे. दहा मिनिटांत त्यांची मान छातीवर. आई म्हणायची, "तुमचा सिनेमा संपला, आता झोपा. आमचा आत्ता सुरू होतोय."

ती नावं बाबांच्या हातची असत. पुस्तकात त्याला श्रेयनामावली म्हणतात, स्टुडिओत टायटल म्हणत, आणि बाबा नुसतं 'नावं' म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी एकाच स्टुडिओत हे काम केलं. स्वतःचं नाव एकदाही लिहिलं नाही. नावं लिहिणाऱ्याचं नाव लिहायची पद्धतच नव्हती, आणि असती तरी ते कुठे बसवावं या विचारात त्यांनी महिना घालवला असता.

त्यांची खोली सुतारखान्याला लागून होती. एक मोठी खिडकी, एक लांब टेबल, साबणाच्या पाण्याची घमेली आणि भिंतीला लावलेली खाचांची मांडणी. शाळेच्या दोन पाट्या शेजारी ठेवल्या तर जेवढ्या होतील तेवढ्या काचांवर ते पांढऱ्या रंगाने नावं लिहीत, आणि वाळलेली काच क्रमाने त्या खाचांत उभी करत. मग कॅमेरावाले येऊन एकेक काच चित्रासमोर धरून टिपत. काम झालं की काचा धुवायच्या. महिन्याभराने त्याच काचेवर दुसऱ्याचं नाव. सगळा स्टुडिओ त्यांना पाटीवाले म्हणायचा.

लोकांना वाटतं, नावांचा क्रम म्हणजे काय, मोठा आधी, छोटा मागे, झालं. तसं नसतं. पहिली जागा सगळ्यांनाच हवी असते आणि ती असते एकच, म्हणून बाकीच्यांची समजूत घालायला बाकीच्या जागा तयार झाल्या आहेत. काचेवर एकट्याने असणं हा मोठा मान. दोघांना एका काचेवर बसवायचं असेल तर डावीकडचं नाव आधी वाचलं जातं, म्हणून उजवीकडच्याला दोन बोटं वर चढवायचं. मग एक म्हणू शकतो मी आधी, दुसरा म्हणू शकतो मी वर, आणि दोघं सुखाने जेवतात. एखाद्या जुन्या मुरलेल्या नटाला पुढची जागा देता येत नसेल तर त्याला सगळ्यांच्या शेवटी ठेवायचं, एकट्याला, आणि नावाआधी 'आणि' लिहायचं. त्या एका 'आणि'साठी आठ-आठ दिवस अडून राहिलेले करार मी स्वतः टाइप केले आहेत.

मी त्याच स्टुडिओच्या ऑफिसात टायपिस्ट होते. नावांची यादी मी टाइप करायची, मॅनेजर आणि निर्माते सह्या करायचे, आणि तो कागद बाबांकडे जायचा. यादीतलं नाव एक घर वर सरकवा म्हणून बाबांकडे कितीजण आले असतील. कुणी मिठाईचा डबा आणला, कुणी डोळ्यांत पाणी. बाबा डबा परत द्यायचे आणि पाण्यासाठी स्वतःचा रुमाल. "क्रम वरून येतो," म्हणायचे. "मी फक्त हात." एकतीस वर्षांत पाटीवाल्याने नाव हलवलं असं कुणी म्हणालं नाही, ही त्यांची खरी कमाई. आणि तीच आमच्या अंगावर आली.

बाबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, आमच्याच घरी राहायची. लग्न केलं नाही. आधी शाळेत शिक्षिका होती, ती चांगली नोकरी सोडून सिनेमात आली आणि अठरा वर्षं दारं उघडत राहिली. खोटं नाही सांगत. नायक आला की दार उघडणारी शेजारीण ती, डॉक्टर आला की दार उघडणारी मोलकरीण ती, पोलीस आले की दार उघडून "ते घरात नाहीत" म्हणणारी मावशीही तीच. स्टुडिओत तिला दारवाली म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. म्हणायची, "माझ्याइतकी दारं सुतारानेसुद्धा उघडली नसतील. त्याची नुसती बसवून होतात."

तिचं नाव कायम गर्दीच्या काचेवर. गर्दीची काच म्हणजे चौदा-पंधरा नावं, दोन रांगा, बारीक अक्षर, आणि पडद्यावर मोजून तीन सेकंद. "माझं नाव वाचायचं तर पापणी लवू द्यायची नाही," ती म्हणायची. लहानपणी मी आणि आई पैज लावून डोळे ताणून बसायचो, तरी दोनदा हुकलंच.

शाळा सोडताना तिच्या मुख्याध्यापिका तिला म्हणाल्या होत्या, "पडद्यावर नाव आलं की कळव. मी स्वतः येईन बघायला." त्या मनापासून म्हणाल्या की टोमणा मारला, हे आत्याला अठरा वर्षांत ठरवता आलं नव्हतं. तिने त्यांना कधी कळवलंही नाही. गर्दीच्या काचेला काय नाव येणं म्हणायचं. तिला एकदा, फक्त एकदा, काचेवर एकटं यायचं होतं. हे तिने कधी उघड मागितलं नाही, पण आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, जसं कुणाला कुठल्या कुशीवर झोप लागते ते माहीत असतं.

मी सव्वीस वर्षांची असताना तो सिनेमा झाला. त्यात दोन मोठी माणसं होती. एक, ज्यांना सगळा स्टुडिओ थोरले म्हणायचा, वीस वर्षं नायक. दुसरी, जिला सगळे नवी म्हणत. तिचे तीन सिनेमे एकापाठोपाठ चालले होते. आमच्या ऑफिसाने एक घोळ घातला. थोरल्यांच्या करारात लिहिलं पहिलं नाव तुमचं, आणि नवीच्या करारातही तेच. दोन्ही करार टाइप मीच केले, पण तीन महिन्यांच्या अंतराने. तेव्हा लक्षात आलं नाही.

महिनाभर रणकंदन. बाबांनी सात नमुने केले. शेजारी शेजारी, वरखाली, डावं-उजवं. नवी म्हणायची, "वर असून काय करू, आधी ते वाचले जातायत." थोरले म्हणायचे, "आधी वाचून काय उपयोग, डोक्यावर ती बसलीये." शेवटी मॅनेजरने तोडगा काढला. नावं मोठेपणाने नकोत, पडद्यावर जो जसा दिसेल त्या क्रमाने घालू. ज्याच्या तोंडी एक तरी वाक्य आहे त्याला स्वतंत्र काच, सगळ्यांची अक्षरं एका उंचीची. गंमत अशी की दोघांनीही हसत सह्या केल्या. सिनेमा आपल्यापासूनच सुरू होतो अशी दोघांची खात्री होती; जोडलेला सिनेमा अजून कुणी बघितला नव्हता.

एडिटरने कागद पाठवला तो माझ्या टेबलावर आला. मी टाइप करायला घेतला आणि थांबले. सिनेमा सुरू होतो तो एका बंद दारावर. बाहेरून कुणीतरी वाजवतं. दार उघडतं. उघडणारी बाई क्षणभर बाहेर बघते आणि म्हणते, "एवढ्या वर्षांनी?" मग दिसतात बाहेर उभे असलेले थोरले, आणि मग जिन्यावरून उतरते नवी.

दार उघडणारी बाई आमची आत्या होती.

मी तिचं नाव एक नंबरला टाइप केलं. नियम तसाच होता. मॅनेजरने वाचलं, भुवया वर केल्या, आणि खाली सही केली. निर्मात्यांचीही सही झाली. मी कागद बाबांना नेऊन दिला आणि घरी गेल्या गेल्या आत्याला सांगून टाकलं. तेवढा दम मला धरवला नाही. आजही वाटतं, देवाने मला तोंड दिलं ते नको तिथे उघडायला आणि हवं तिथे मिटायला.

आत्या गवार मोडत होती. ऐकून घेतलं, मोडलेली गवार पुन्हा न मोडलेल्या ढिगात टाकली, आणि आईला म्हणाली, "वहिनी, ही चेष्टा करतेय का बघा हो."

बाबांनी ती काच लिहायला अख्खा दिवस घेतला. एरवी तासाभराचं काम. दुसऱ्या दिवशी आत्या बघायला गेली. काच खिडकीशी उभी केली होती. ती पलीकडे जाऊन उभी राहिली, म्हणजे मला नाव सुलट दिसत होतं आणि नावामागे तिचा चेहरा.

"जरा लहान नाही वाटत, दादा?"

"सगळ्यांची उंची एकच आहे. पट्टीने मोजलीय."

"थोरल्यांचं पण एवढंच?"

"एवढंच."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "त्यांना वाईट वाटायला नको."

हे ती थट्टेत म्हणाली नव्हती. थोरल्यांचा आणि तिचा चांगला स्नेह होता. ते तिला ताई म्हणायचे. एकदा पाय मुरगळला असताना त्यांनी तिला सेटवर स्वतःची खुर्ची दिली होती आणि स्वतः पेटीवर बसले होते. त्याच संध्याकाळी आत्याने मुख्याध्यापिकांना पत्र टाकलं. अठरा वर्षांनी. 'नाव आलं आहे. आपण येणार म्हणाला होतात.'

तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सुतार बाबांना म्हणाला, "काय पाटीवाले, पहिली काच घरातच ठेवली म्हणे. चांगलं आहे. पुढच्या खेपेला आमच्या सासूबाईंचंही बघा. त्याही दार छान उघडतात, फक्त जावयाला बघून लावून घेतात."

सगळे हसले. बाबाही हसले. सुताराच्या मनात काही नव्हतं. तो रोज कुणाची तरी टोपी उडवायचा, त्याशिवाय त्याला चहा उतरत नसे. पण बाबांनी त्या दिवशी अर्धा चहा तसाच ठेवला. मी पलीकडच्या टेबलावर होते, मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाबा मॅनेजरच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. माझं टेबल तिथेच, तीन हातांवर.

"ते पहिलं नाव काढा," बाबा म्हणाले.

"का? चुकलं का काही?"

"चुकलं नाही. ती माझी बहीण आहे. लोक बोलतील."

"कोण बोललं?"

"अजून कुणी नाही."

"मग?"

"बोलायच्या आधीच काढलेलं बरं."

मॅनेजरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाटीवाले, अहो, मला तर ते सोयीचं आहे. दोघांतलं कुणीच पहिलं नाही, म्हणजे भांडणच मिटलं. दोघांना दाखवता येईल, बघा बाबांनो, नियम म्हणजे नियम, तो दारवालीलासुद्धा लागू. सह्या झाल्यात. राहू द्या की."

"मग माझ्या हाताने नाही व्हायचं. दुसऱ्याकडून लिहून घ्या."

दुसरा होता कुठे. मॅनेजरने माझ्याकडे बघितलं, जणू मी काही बोलेन. मी टाइपरायटरमधला कागद सरळ करत बसले. वडिलांना चार माणसांत उलटं बोलायची सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, बाबांना जास्त कळतं. त्यांना नावांचं कळत होतं. बहिणीचं कळत होतं की नाही, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही.

"तुमच्या घरचा मामला," मॅनेजर म्हणाला. "पाच वाक्यांहून कमी ज्यांची, ते सगळे एका काचेवर. घ्या हो, टाइप करा."

मी टाइप केलं. कार्बन घालून तीन प्रती. आत्याबरोबर आणखी पाच जण गर्दीच्या काचेवर गेले. त्यांनी घरी कुणाकुणाला सांगून ठेवलं होतं कोण जाणे. बाहेर पडताना बाबा माझ्याजवळ थांबले. "घरी बोलू नकोस. मी सांगतो."

त्यांनी सांगितलं ते असं. संध्याकाळी चपला काढता काढता, भिंतीकडे तोंड करून. "अगं, यादी बदलली. ऑफिसातून आलंय. छोट्या भूमिका एकत्र."

आत्याने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "थोरले बोलले असतील. साहजिक आहे."

बाबांनी चपला जोडीने सरळ लावल्या. तिथे एक शब्द बोलायला हवा होता, तो बाबांनी गिळला, आणि मीही. आई ताटं घेत होती. तिला तेव्हा काही माहीत नव्हतं.

पहिला खेळ चार दिवसांवर आला होता, मुख्याध्यापिकांना येऊ नका असं कळवायला वेळ राहिला नाही. त्या आल्या, खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या, काठी घेऊन. आत्याने इस्त्रीचे कपडे घातले होते. त्या दोघी शेजारी बसल्या, मी आत्याच्या दुसऱ्या बाजूला. दिवे गेले. थोरल्यांचं नाव पहिलं आलं, नवीचं दुसरं. मुख्याध्यापिका चष्मा पुसत होत्या. गर्दीची काच आली आणि गेली.

"आलं का गं?" त्यांनी विचारलं.

"गेलं," आत्या म्हणाली.

मग दार उघडलं आणि पडद्यावर आत्या म्हणाली, "एवढ्या वर्षांनी?" मुख्याध्यापिकांनी तिचा हात धरला. "छान बोललीस," त्या म्हणाल्या. त्या मनापासूनच म्हणाल्या होत्या, तेव्हाही आणि अठरा वर्षांपूर्वीही, हे मला तिथे कळलं. आत्याला कळलं की नाही माहीत नाही. तिने हात सोडवून घेतला.

ज्या भांडणासाठी हा सगळा खटाटोप, तेही मिटलं नाही. पहिलं नाव थोरल्यांचंच आलेलं बघून नवी म्हणाली, नियम मुद्दाम त्यांच्यासाठी केला, आणि पुढचा सिनेमा दुसरीकडे केला. एका दारवालीचं नाव वर असतं तर ती एवढी चिडली नसती. हे मॅनेजरने मला दोनदा ऐकवलं. बाबांना नाही ऐकवलं, एवढं बरं.

आत्याने पुढे दोन सिनेमे केले आणि काम सोडलं. शेजारच्या मुलांना घरी शिकवायला लागली. "आता दारं आपोआप उघडतात, बाई कशाला लागते," असं हसून सांगायची. ऑफिसावर तिने राग धरला नाही, बाबांवर तर नाहीच. राग धरला तो थोरल्यांवर. तो गरीब माणूस काही कळेना म्हणून एकदा माझ्या टेबलापाशी आला. "ताई माझ्यावर रागावल्यात का गं? परवा समोरून गेल्या, नमस्कार केला तर मान फिरवली."

"नाही हो, त्यांची तब्येत बरी नसते," मी म्हणाले.

"काळजी घ्यायला सांग," ते म्हणाले, आणि खिशातून कसल्याशा गोळ्यांची पुडी काढून दिली. त्या गोळ्या मी घरी नेल्याच नाहीत. काय सांगून देणार होते.

अशी नऊ वर्षं गेली. यंत्राने अक्षरं उमटवायची सोय झाली, बाबांची खोली सुतारखान्यात गेली, बाबा घरी बसले. निघताना त्यांनी स्टुडिओतून दोनच वस्तू आणल्या, लाकडी पट्टी आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी, ते कपाटामागे सरकवून ठेवलं. आम्ही विचारलं नाही. घरात विचारायच्या नाहीत अशा बऱ्याच गोष्टी तोवर जमल्या होत्या.

मग एका सकाळी वर्तमानपत्रात थोरले गेल्याची बातमी आली. आईने मोठ्याने वाचली. आत्या मुलांच्या वह्या तपासत होती. तिने पेन खाली ठेवलं, उठली, देवापुढे जाऊन उभी राहिली. आमच्या घरी देवापुढे कुणी उभं असलं की बाकीचे गप्प राहतात. तिने हात जोडले आणि आम्हाला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "त्यांचं भलं कर. त्यांनी माझं काढून घेतलं, ते मी आज सोडलं. मनात काही ठेवत नाही."

बाबा आरामखुर्चीत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं त्यांना काहीतरी होतंय. ते उठले, कपाटामागून ती चादर ओढून काढली, आणि काच आत्यासमोर टेबलावर ठेवली. तिचं नाव. एकटं. नऊ वर्षं न धुतलेलं.

"त्यांनी नाही," बाबा म्हणाले. "मी काढलं. मीच गेलो होतो ऑफिसात. मॅनेजर नको म्हणत होता."

"का रे?"

"लोक बोलतील म्हणून."

"कोण बोललं होतं?"

बाबांनी सुताराचं नाव नाही घेतलं. "कुणी नाही," म्हणाले.

आत्या काचेकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर नावाबद्दल बोलेल. ती म्हणाली, "मग मी त्या माणसाशी नऊ वर्षं बोलले नाही, ते?"

बाबांनी काचेच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली.

"तो मला ताई म्हणायचा, दादा. पेटीवर बसला होता माझ्यासाठी. मी त्याच्यासमोरून मान फिरवून गेले. आणि आत्ता इथे उभी राहून मी त्याला माफ केलं. मी. त्याला." ती माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"हो, आत्या."

"त्याला भेटायचीस ना रोज?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. नुसतं बरं. त्या दोन अक्षरांपेक्षा तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी आनंदाने खाल्ल्या असत्या.

मग तिने काच उचलली आणि मोरीत नेली. बाबा म्हणाले, "राहू दे गं, ती तुझ्यासाठी ठेवली." तिने साबण लावला, घासणीने घासलं, पाणी ओतलं. नऊ वर्षांचा रंग, सहज निघत नव्हता. नखाने खरवडून काढला. स्वच्छ झाल्यावर पुसून भांड्यांच्या कपाटाला लावून बघितली. त्या कपाटाच्या दाराची काच गेल्या वर्षी फुटली होती. "मापात बसेल," आईला म्हणाली. "वहिनी, सुताराला सांगा."

स्टुडिओतल्या त्याच सुताराने येऊन बसवली. त्याला काही माहीत नव्हतं. "काच चांगली आहे," म्हणाला, "कुठून आणली?" बाबा उठून आत गेले.

त्या घरात त्यानंतर कुणी कुणाशी वाईट वागलं नाही. आत्या बाबांना आधीसारखाच चहा द्यायची, वर्तमानपत्र आधी त्यांनाच द्यायची. फक्त सिनेमाला जाणं बंद झालं. आणि रोज संध्याकाळी देवापुढे ती थोडी जास्त वेळ उभी राहायची. कुणाची क्षमा मागत होती ते मला ठाऊक होतं. मीही तिच्या मागे उभी राहायचे आणि तिची मागायचे. देवाकडे मागितलेली क्षमा माणसापर्यंत पोचते का, हे मला अजून उमगलेलं नाही.

चार वर्षांनी बाबा गेले. वर्तमानपत्रात निधनाची चौकट द्यायची होती. मजकूर मी लिहायला बसले. खाली घरच्यांची नावं. आधी पत्नी, मग मुलगी, मग बहीण, अशी रीत. मी थांबले तशी आई म्हणाली, "तिचं घाल आधी. माझं कुठेही घाल. मला कुठे पडद्यावर यायचंय."

वर्तमानपत्राच्या खिडकीवरचा माणूस कागद वाचून म्हणाला, "बाई, क्रम चुकलाय. बहीण पत्नीच्या आधी येत नाही."

"क्रम मला चांगला माहीत आहे," मी म्हणाले. "आहे तसंच छापा."

तीन हातांवरून एक वाक्य बोलायचं होतं मला. बाबा, राहू द्या ना. एवढंच. मॅनेजर तर माझ्याकडे बघतच होता. ते वाक्य मी तेरा वर्षं उशिरा, एका अनोळखी माणसासमोर, खिडकीवर बोलले.

सकाळी अंक आला. आत्याने तो लांब धरून वाचला. मग जवळ धरून वाचला. चौकटीत खालच्या बाजूला पहिलं नाव तिचं होतं, स्वतंत्र ओळीत, एकटं.

तिने अंक मांडीवर पसरला. मग म्हणाली, "सगळ्यांची उंची एकच आहे ना?"

"एकच आहे, आत्या."

"दादाने मोजून बघितली असती."

मी उठले, बाबांची लाकडी पट्टी आणली, आणि तिच्या शेजारी बसून एकेका ओळीवर लावून मोजली. आधी तिचं, मग आईचं, मग माझं. ती चष्म्यातून पट्टीकडे बघत होती. एकच होती.